कमी खर्चात होमस्कूलिंग : मोफत ऑनलाइन साहित्यातून अभ्यास कसा उभा करावा

मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायचे ठरवले, तेव्हा पुरेसे मोफत साहित्य मिळेल का, ही आमची सर्वांत मोठी काळजी होती. ती पहिल्याच आठवड्यात मिटली आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली. साहित्य इतके होते, की त्यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हेच कळेना. पहिल्या महिन्यात मी दोनशेच्या वर दुवे साठवले, सात-आठ संकेतस्थळांवर खाती उघडली, रंगीत वेळापत्रक तयार केले. मुलीचा अभ्यास मात्र तीन पानांच्या पुढे सरकला नाही. होमस्कूलिंगमध्ये तुटवडा असतो तो पालकाच्या वेळेचा, आणि निवड करण्यात तो वेळ गेला तर मुलाच्या शेजारी बसायला काही उरत नाही. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये साहित्याच्या याद्या कमी आणि निवडीचे निकष जास्त आहेत.

पायरी १ : आधी कायदा, मग कागदपत्रे

घरी शिकवण्याबाबतचे नियम देशागणिक बदलतात, आणि काही देशांत राज्यागणिकही. जर्मनीत मुलाने शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि घरी शिकवण्याला जवळजवळ वावच नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचे सातवे कलम मुलाला योग्य आणि पूर्णवेळ शिक्षण मिळवून देण्याची जबाबदारी पालकावर टाकते, पण ते शाळेतूनच मिळाले पाहिजे असे म्हणत नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे. तरीही काही राज्यांत शासनाला साधे कळवावेही लागत नाही, तर काही राज्यांत विषयांची यादी, अभ्यासाच्या तासांची नोंद आणि वर्षअखेरचे मूल्यमापन सादर करावे लागते. त्यामुळे ओळखीच्या कुटुंबाने काय केले यावर विसंबून न राहता, तुम्ही राहता तिथल्या शिक्षण विभागाचा मूळ नियम स्वतः वाचा.

शाळा सोडण्यापूर्वी पुढील कागद हाती असू द्या :

- मुलाचा जन्मदाखला आणि ओळखपत्र
- शाळा सोडल्याचा दाखला
- आतापर्यंतची सर्व प्रगतिपुस्तके किंवा गुणपत्रिका
- लसीकरणाची नोंद
- नियमानुसार शासनाला कळवावे लागत असेल तर त्या पत्राची प्रत, पोच घेतलेली

आम्ही दाखला घेतला, पण जुनी प्रगतिपुस्तके मागायचे राहून गेले. दीड वर्षाने ती लागली तेव्हा त्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शाळेशी निरोप गोडीत घ्यावा. परत जायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

पायरी २ : कशावर खर्च करायचा, ते ठरवा

साहित्य मोफत असले तरी होमस्कूलिंग बिनखर्चाचे नसते. इंटरनेट, वह्या, छपाई आणि एखादे चालते उपकरण एवढे तरी लागतेच. मोबाइलवर व्हिडिओ पाहता येतो, पण समोर मजकूर ठेवून वहीत लिहिणे किंवा प्रोग्रॅम तयार करणे जमत नाही. म्हणून मोठ्या पडद्याचे एक उपकरण असावे, मग ते जुने असले तरी चालेल. मंदावलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स या कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) एखादी हलकी आवृत्ती टाकली, तर तो पुन्हा कामाला येतो, आणि त्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही.

प्रिंटर लगेच घेऊ नका. ज्या कागदावर मुलाला प्रत्यक्ष लिहायचे, कापायचे किंवा घड्या घालायच्या आहेत तेवढाच छापावा. बाकी पडद्यावरून वाचता येते. कच्च्या कामासाठी पाठकोरे कागद जमवून ठेवावेत. पैसे खर्चायचेच असतील तर ते बॅटरीचे सेल, तार, छोटे बल्ब, भिंग, मोजपट्टी आणि वजनकाटा यांवर खर्चा, कारण पडदा ज्या गोष्टी देऊ शकत नाही त्या याच आहेत.

पायरी ३ : मूल नेमके कुठे उभे आहे, ते तपासा

नवे पालक हमखास मुलाच्या वयाची इयत्ता घेऊन तिच्या पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. मी तेच केले आणि दोन आठवडे वाया घालवले. मुलगी पाचवीच्या वयाची होती, अपूर्णांकांची बेरीज यांत्रिकपणे करत होती आणि उत्तरेही बरोबर येत होती. एकदा सहज विचारले, की एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? ती लगेच म्हणाली, "चतुर्थांश. चार मोठे ना!" मग सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार. तिने दोन तुकडे शेजारी ठेवले, बराच वेळ नुसती पाहत राहिली, आणि मग म्हणाली, "जास्त जणांत वाटलं की वाटा लहान होतो." त्या दिवशी आम्ही दोन इयत्ता मागे गेलो, आणि तो निर्णय पुढच्या सगळ्या गणिताला पुरला.

अशी तपासणी मोफत करता येते. खान अकादमी या मोफत संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमाला 'कोर्स चॅलेंज' नावाची तीस प्रश्नांची चाचणी असते. मुलाच्या वयापेक्षा एक इयत्ता खालची चाचणी आधी द्यावी, मदत करू नये, आणि चुकलेल्या प्रश्नांवर त्या दिवशी काहीही बोलू नये. आपल्याला फक्त कच्चे राहिलेले मुद्दे वहीत टिपून घ्यायचे आहेत. वाचनासाठी याहून सोपी युक्ती आहे : पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला मुलाने एक बोट दुमडावे. एका पानात पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक स्वतंत्र वाचनासाठी सध्या जड आहे.

पायरी ४ : एका विषयाला एकच मुख्य साहित्य

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार इथे करावा. प्रत्येक विषयासाठी एकच मुख्य साहित्य निवडा आणि किमान सहा आठवडे ते बदलू नका. त्यातला एखादा धडा कळलाच नाही, तरच दुसऱ्या ठिकाणचे स्पष्टीकरण शोधा आणि ते पाहून झाले की मूळ ठिकाणी परत या. आवडलेला दुवा दिसला, की तो एका यादीत टाका आणि ती यादी महिन्यातून एकदाच उघडा. ही शिस्त मुलापेक्षा पालकालाच जास्त लागते.

गणितासाठी खान अकादमी सुरुवातीला पुरते. सलमान खान या शिक्षकाने २००८ मध्ये स्थापलेली ही ना-नफा संस्था आहे. धड्यांसाठी पैसे पडत नाहीत आणि मध्येमध्ये जाहिराती येत नाहीत. पालकाचे खाते उघडून त्याला मुलाचे खाते जोडले, की कोणता सराव झाला आणि कुठे चुकले, ते पाहता येते. एक धोका मात्र आहे. मुले गुण मिळवण्यासाठी अंदाजाने उत्तरे देऊ लागतात, किंवा सूचना उघडून उत्तर पाहतात. यावर आमचा नियम असा, की प्रत्येक उदाहरण आधी वहीत सोडवायचे आणि मगच उत्तर भरायचे. वहीत काही नसेल तर पडद्यावरचे गुण आम्ही धरत नाही.

विज्ञानासाठी फेट (PhET) हा पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांचा संग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात २००२ मध्ये तो सुरू केला. त्यातील प्रयोग अनेक भाषांत आहेत आणि त्यांपैकी बरेच मराठीतही उघडतात. विद्युत मंडलाच्या प्रयोगात मुलाने बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर बॅटरी पेट घेते. शॉर्टसर्किट म्हणजे काय हे इतक्या सुरक्षितपणे दुसरीकडे दाखवता येणे कठीण. पण असा प्रयोग नुसता उघडून दिला तर पाच मिनिटांत त्याचे खेळणे होते. उघडण्यापूर्वी एक प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, "दोन बल्ब जोड, पण असे की एक काढला तरी दुसरा पेटत राहिला पाहिजे." मुलगी वीस मिनिटे झगडली आणि समांतर जोडणीपर्यंत स्वतः पोहोचली, ते नाव मी तिला नंतर सांगितले. त्याच दिवशी खऱ्या सेलवर दोन छोट्या बल्बांनी तीच जोडणी करून पाहावी (घरातल्या विजेच्या सॉकेटला यात अजिबात हात लावू देऊ नये).

भाषेसाठी लहान वयात प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर पाहा. २०१५ पासून चालू असलेल्या या संग्रहात मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि एकच गोष्ट दोन भाषांत शेजारी ठेवून वाचता येते. थोड्या मोठ्या मुलांना इंग्रजी वाचनासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात सत्तर हजारांहून अधिक पुस्तके आहेत. त्यातील अनेक पुस्तकांचे वाचन लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. मूळ पुस्तक समोर ठेवून ते ऐकले तर उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही एकदम कानाडोळ्यांखालून जातात. ही पुस्तके जुनी असल्याने त्यांची भाषा कधी बोजड, तर कधी त्यांतील दृष्टिकोन आज न पटणारा असतो. म्हणून पालकाने आधी चाळून पाहिल्याशिवाय ती मुलाच्या हाती देऊ नयेत.

इतिहास आणि समाजशास्त्रात मोफत साहित्य भरपूर आहे, पण विस्कळीत आहे. तिथे आम्ही एक नकाशा, एक कालरेषा आणि मराठी विश्वकोशातील नोंदी एवढ्यावर भागवतो आणि वाचन एकत्र करतो. वरच्या वर्गांतील विज्ञान, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रासाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची इंग्रजी पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. ती मुख्यतः महाविद्यालयीन पातळीची असल्याने निवडक प्रकरणेच घ्यावीत.

संगणकासाठी स्क्रॅच घ्या. यात सूचनांचे रंगीत ठोकळे जोडून मुले प्रोग्रॅम बनवतात. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी ते आखलेले आहे आणि इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते. यात गणितही नकळत होते. मुलीने पडद्यावरच्या मांजराकडून चौकोन काढून घेतला : चार वेळा, पुढे जा, नव्वद अंश वळ. मग त्रिकोण काढायला तिने तीन वेळा साठ अंश वळवले आणि आकृती उघडीच राहिली, अर्ध्या षटकोनासारखी. "त्रिकोणाचा कोन तर साठच असतो," असे ती पुन्हापुन्हा म्हणत होती. शेवटी ती स्वतः खोलीत त्रिकोणावर चालली आणि कोपऱ्यावर आपण किती वळतो ते पाहिले, तेव्हा एकशेवीस तिच्या पायांनी शोधला. पाठ्यपुस्तकातील बाह्यकोन तिला पुन्हा शिकवावा लागला नाही.

पायरी ५ : खाते उघडण्यापूर्वी आणि छापण्यापूर्वी वाचा

'मोफत' हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : कायम मोफत, काही दिवस मोफत, आणि जाहिरातींच्या बदल्यात मोफत. बँक कार्डाचा क्रमांक मागणारे 'मोफत' दुसऱ्या प्रकारचे असते. मुदत संपली की पैसे कापले जातात. एकच साधन एका ठिकाणी मोफत आणि दुसऱ्या ठिकाणी विकत असू शकते. अँकी हे उजळणीचे ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, पण आयफोनसाठीचे अधिकृत ॲप विकत घ्यावे लागते. खाते शक्यतो पालकाच्या ईमेलवर उघडावे, आणि मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख व छायाचित्र देऊ नये. टोपणनावाने काम भागते.

साहित्य छापून इतर कुटुंबांना वाटायचे असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांची अक्षरे ओळखायला शिका. 'बीवाय' म्हणजे मूळ कर्त्याचे नाव द्यावे, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको, 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नये, आणि 'एसए' म्हणजे बदल करून वाटल्यास तोच परवाना ठेवावा. नुसते डाउनलोड होते म्हणून वाटण्याची परवानगी आहे, असे समजू नये.

पायरी ६ : इंटरनेटवर कमीत कमी विसंबा

इंटरनेट बंद पडले, की अभ्यास बंद पडतो, आणि चालू असले, की व्हिडिओच्या कडेला दुसरे दहा व्हिडिओ खुणावत असतात. दोन्हींवर उपाय एकच : आठवड्याचे साहित्य सुटीच्या दिवशी उतरवून ठेवणे. किविक्स या मोफत कार्यक्रमाने विकिपीडिया पूर्णपणे संगणकात साठवता येतो. इंग्रजी विकिपीडियाची चित्रांसह संपूर्ण प्रत १०० जीबीच्या घरात जाते, त्यामुळे निवडक लेखांची किंवा चित्रांविना प्रत घ्यावी. मराठीची प्रत त्या मानाने अगदी लहान आहे. कोलिब्री हा असाच दुसरा कार्यक्रम आहे. त्यात खान अकादमी, फेट यांसारख्या ठिकाणचे धडे एकदा भरून ठेवले, की एका जुन्या संगणकावरून घरातील इतर उपकरणांना ते इंटरनेटशिवाय मिळतात.

ऑनलाइन व्हिडिओ दाखवायचाच असेल तर आपोआप पुढचा लावण्याची सोय बंद करा, दुवा स्वतः उघडा आणि पूर्ण पडदा करून द्या.

पायरी ७ : दिवस बसवा

शाळेचे सहा तास घरी आणण्याचा आग्रह धरू नका. एकाच मुलाला शिकवताना हजेरी, वर्ग शांत करणे, सर्वांची वाट पाहणे यांत जाणारा वेळ वाचतो. प्राथमिक वयात दोन ते तीन तासांचा एकाग्र अभ्यास आम्हाला पुरला. बाकी वेळ वाचन, हातकाम आणि बाहेरचा खेळ.

प्रत्येक तासाची घडण आम्ही तीन भागांत ठेवली आहे : पाहणे, करणे, सांगणे. पाहण्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ नाही. करण्याला पंचवीस ते तीस मिनिटे, वहीत किंवा हाताने. आणि शेवटी मुलाने पडदा बंद ठेवून, आपण काय शिकलो ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे. या कथनपद्धतीवर ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी घरच्या शिक्षणात मोठा भर दिला होता, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. व्हिडिओ पाहताना मूल मान डोलावते, "कळलं" म्हणते, आणि सांगायला बसले की दुसऱ्याच वाक्याला अडते. ते अडणे ऐकण्यासाठी तुम्ही तिथे असले पाहिजे. तुमचे काम पूर्णवेळ असेल, तर निदान हा सांगण्याचा भाग संध्याकाळसाठी राखून ठेवा. पहिले दोन भाग घरातील दुसरे कोणी पाहू शकते.

दोन मुले असतील तर इतिहास, विज्ञान आणि गोष्ट एकत्र घ्यावी, गणित व लेखन वेगळे.

पायरी ८ : उजळणीची पेटी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरते. म्हणून उजळणी थोड्या-थोड्या अंतराने व्हावी लागते. त्यासाठी आम्ही झेबास्टियान लाइटनर यांची पेटी वापरतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करा. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहून सगळ्या पहिल्या कप्प्यात ठेवा. उत्तर बरोबर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. चिठ्ठ्या मुलाने स्वतः लिहाव्यात. लिहिताना निम्मी उजळणी होऊन जाते. रोज दहा मिनिटांहून जास्त वेळ लागू लागला, तर आपण नव्या चिठ्ठ्या फार भराभर घालत आहोत, असे समजावे.

पायरी ९ : नोंदी त्याच दिवशी ठेवा

एका वहीत रोज तीन ओळी : तारीख, विषय आणि धडा, आणि कुठे अडले. यासोबत प्रत्येक विषयातील एक काम महिन्याला तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवावे, आणि ते मुद्दाम सर्वोत्तम निवडू नये. खाडाखोड असलेली पानेच प्रगती दाखवतात. वाचलेल्या पुस्तकांची यादी मुलाने स्वतः लिहावी. खान अकादमीसारख्या ठिकाणच्या प्रगतीची दर तीन महिन्यांनी एक प्रत काढून ठेवा, कारण खाते बंद झाले किंवा पासवर्ड हरवला तर ती नोंद जाते. शासनाने मूल्यमापन मागितले, किंवा मूल पुन्हा शाळेत गेले, तर हीच फाइल पुढे करायची असते. वर्षअखेरीस आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

पायरी १० : परीक्षेचे दार आधी शोधा

मूल लहान असताना हा प्रश्न दूरचा वाटतो, पण मान्यताप्राप्त परीक्षा देऊ इच्छिणाऱ्यांनी किमान दोन वर्षे आधी चौकशी सुरू करावी. केंब्रिजच्या आयजीसीएसईसारख्या (साधारण दहावीच्या पातळीच्या) परीक्षांना अनेक ठिकाणी खासगी उमेदवार म्हणून बसता येते, मात्र त्यासाठी असे उमेदवार घेणारे परीक्षा केंद्र तुम्हाला शोधावे लागते. काही देशांत मुक्त विद्यालयांची सोय आहे. चौकशी करताना चार गोष्टी विचारा : वयाची अट, नोंदणीची शेवटची तारीख, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची सोय, आणि पुढील महाविद्यालयात त्या प्रमाणपत्राला असलेली मान्यता. प्रात्यक्षिकावर बहुतेकांची गाडी अडते, कारण लेखी परीक्षेला जागा देणारी सर्व केंद्रे प्रयोगशाळा देत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला हे नोंदणीनंतर कळले आणि मुलाला तो विषयच बदलावा लागला. केंद्राचा होकार विषयवार आणि लेखी घ्या, आणि तो हाती आल्यावरच परीक्षेचे शुल्क भरा.